मूत्रपिंडातील पेशी आणि शरीराचे जलसंतुलन

मूत्रपिंड किंवा वृक्क हे पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरातील उत्सर्जनाचे प्रमुख इंद्रिय होय. रक्तातील युरियासारखी टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकणे हे त्याचे सर्वपरिचित कार्य आहे. मात्र शरीरात किती पाणी राखायचे आणि किती सोडायचे, हे ठरवण्याचे कामही मूत्रपिंडातील पेशीच करतात. पाणी कमी पडू लागले की त्या थोडी आणि संहत लघवी तयार करतात. पाणी जास्त झाले की लघवी भरपूर आणि विरल होते. निरोगी माणसाला या कामाची जाणीव एरवी होत नाही. ती होते कडक उन्हाळ्यात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर भागात, अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेला सोयगाव तालुका खानदेशाला लागून आहे. मे महिन्यात तेथे दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवे नाही. अशा दिवशी शेतात राबणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडात काय घडते आणि मूत्रपिंड पाण्याची बचत कुठवर करू शकते, हे समजण्यासाठी आधी शरीरातील पाण्याचा हिशेब पाहावा लागतो.

शरीरातील पाण्याचा हिशेब

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के आणि प्रौढ स्त्रीच्या वजनाचा सुमारे ५० टक्के भाग पाण्याचा असतो. ७० किलोग्रॅम वजनाच्या पुरुषाच्या शरीरात त्यामुळे ४२ लिटरच्या आसपास पाणी असते. त्यातील जवळपास दोन तृतीयांश पाणी पेशींच्या आत आणि उरलेले पेशींच्या बाहेर असते. रक्तद्रवाच्या रूपात रक्तवाहिन्यांतून फिरणारे पाणी त्या मानाने फारच थोडे, केवळ तीन ते साडेतीन लिटर भरते.

बहुतेक पेशींच्या पटलातून पाणी आरपार जाऊ शकते. ज्या बाजूला क्षार व इतर द्राव्य अधिक, त्या बाजूला ते ओढले जाते. या क्रियेला परासरण म्हणतात. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटते, ते यामुळेच. रक्तातील द्राव्यकणांची एकूण संहती मिलिऑस्मोल या एककात मोजतात. निरोगी माणसात ती दर किलोग्रॅम पाण्यामागे २८० ते २९५ या अरुंद पट्ट्यात राहते. ती वाढली तर पेशींतील पाणी बाहेर ओढले जाऊन पेशी आक्रसतात. ती घटली तर पेशी फुगतात. शरीराच्या इतर भागांत थोडी सूज सामावून जाते, पण कवटीच्या आत जागाच नसल्याने मेंदूला हे फुगणे सोसत नाही. गोंधळलेपण, झटके आणि शुद्ध हरपणे ही जलसंतुलन बिघडल्याची गंभीर लक्षणे मेंदूचीच असतात, त्याचे कारण हे आहे.

समशीतोष्ण दिवशी, फारसे श्रम न करणाऱ्या प्रौढ माणसाच्या शरीरात पिण्याचे आणि अन्नातील मिळून सुमारे दोन ते सव्वादोन लिटर पाणी येते. अन्नाच्या ज्वलनातून शरीरातच आणखी पाव लिटरभर तयार होते. बाहेर जाणाऱ्या पाण्यापैकी सुमारे दीड लिटर लघवीतून, पाऊण लिटरच्या आसपास श्वासातून व त्वचेतून नकळत आणि थोडेसे शौचावाटे जाते. या साऱ्या वाटांपैकी पाण्याच्या गरजेप्रमाणे कमी-जास्त करता येणारी वाट एकच, ती म्हणजे लघवीची. घाम पाण्याच्या नव्हे, तर तापमानाच्या नियंत्रणासाठी येतो. मातीचा माठ झिरपून, बाष्पीभवनाने थंड राहतो तसे शरीर घामाने थंड राहते. आणि माठातले पाणी किती उरले आहे याची पर्वा जशी माठाला नसते, तशी घामालाही फारशी नसते.

गाळणे आणि परत घेणे

प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात. ही संख्या माणसागणिक बरीच बदलते. नेफ्रॉनच्या सुरुवातीला सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुंता, म्हणजे केशिकागुच्छ, असतो आणि त्याभोवती बोमन संपुट नावाची पेल्यासारखी रचना असते. रक्तदाबामुळे रक्तद्रवातील पाणी, क्षार, ग्लुकोज, युरिया असे लहान रेणू येथे गाळले जातात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मागे राहतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर गाळीव द्रव तयार करतात. शरीरातील सगळा रक्तद्रव दिवसातून पन्नासाहून अधिक वेळा गाळला जातो, असा याचा अर्थ होतो.

१८० लिटर गाळून दीड लिटर लघवी बाहेर पडते. उरलेले साडेअठ्ठ्याहत्तर अधिक शंभर लिटर पाणी परत रक्तात घेतले जाते. आधी सगळे बाहेर काढायचे आणि मग हवे ते परत घ्यायचे, ही पद्धत वरवर पाहता उधळपट्टीची वाटते. पण तिचा एक मोठा फायदा आहे: प्रत्येक नको असलेला पदार्थ ओळखून बाहेर फेकण्याची गरज उरत नाही. हव्या असलेल्या पदार्थांना परत घेण्याची सोय असली की पुरते, आणि जे घेतले जात नाही ते आपोआप वाहून जाते.

परत घेण्याचे सर्वांत मोठे काम नेफ्रॉनच्या पहिल्या भागात, समीपस्थ नलिकेत होते. येथील पेशींच्या आतल्या बाजूला ब्रशच्या केसांसारख्या असंख्य सूक्ष्म बोटांची किनार असते. त्यामुळे शोषणाचे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते. पेशीच्या रक्ताकडील बाजूला सोडियम बाहेर ढकलणारे पंप असतात. त्यांना लागणारी ऊर्जा पेशीतील दाटीने वसलेली तंतुकणिका पुरवतात. सोडियमबरोबर ग्लुकोज व अमिनो आम्ले आत येतात आणि मागोमाग पाणी येते. गाळीव द्रवाचा सुमारे दोन तृतीयांश भाग येथेच परत जातो. येथील पाण्याच्या वाटा कायम उघड्या असतात. माणूस तहानलेला असो वा नुकतेच तांब्याभर पाणी प्यालेला असो, या टप्प्यावर फारसा फरक पडत नाही. खरा निर्णय पुढे होतो, पण त्यासाठी लागणारी तयारी मूत्रपिंडाच्या अंतर्भागात आधीच करून ठेवलेली असते.

मध्यकातील खारेपणा

मूत्रपिंड उभे कापले तर बाहेरचा भाग, बाह्यक, आणि आतला भाग, मध्यक, असे दोन थर वेगळे दिसतात. समीपस्थ नलिका बाह्यकात असते. तिच्या पुढचा भाग केसांच्या आकड्यासारखा वळून मध्यकात खोल उतरतो आणि पुन्हा वर येतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांनी १८६२ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला हेन्लेचा पाश म्हणतात.

पाशाची उतरती आणि चढती बाजू अगदी निराळ्या पेशींची बनलेली असते. उतरत्या बाजूच्या पातळ पेशींतून पाणी बाहेर जाऊ शकते. चढत्या बाजूच्या जाड पेशी सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड द्रवातून उचलून घेतात, परंतु पाण्याला मात्र वाट देत नाहीत. मीठ काढले आणि पाणी मागे राहिले, तर आतला द्रव विरल होतो आणि भोवतालच्या ऊतीत खारेपणा साठतो. दोन्ही बाजूंचे प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध दिशेने वाहत असल्याने प्रत्येक पातळीवर मिळालेला थोडा थोडा फरक वरून खाली वाढत जातो. यास प्रतिप्रवाह गुणन अशी संज्ञा आहे. स्विस रसायनशास्त्रज्ञ वेर्नर कून यांनी १९४० च्या दशकात ही कल्पना मांडली. मध्यकाच्या खोल भागात युरियाही साठवला जातो आणि तेथील संहतीत त्याचा वाटा मोठा असतो. परिणामी बाह्यकात २९० च्या आसपास असलेली संहती मध्यकाच्या टोकाशी १,२०० मिलिऑस्मोलपर्यंत पोहोचते.

इतक्या खाऱ्या परिसरात शरीरातील दुसरी कोणतीही पेशी आक्रसून निकामी झाली असती. मध्यकातील पेशी तग धरतात, कारण त्या स्वतःच्या आत सॉर्बिटॉल, बिटेन, इनोसिटॉल यांसारखी निरुपद्रवी द्राव्ये साठवून बाहेरच्या खारेपणाशी बरोबरी साधतात. बाहेरचा खारेपणा उतरला की त्या ही द्राव्ये सोडूनही देतात.

या व्यवस्थेची एक कमकुवत बाजूही आहे. साठवलेला खारेपणा धुऊन जाऊ नये म्हणून मध्यकाला रक्तपुरवठा मुद्दाम तुटपुंजा ठेवलेला असतो. उलट पाशाच्या जाड पेशींचे काम मात्र प्रचंड ऊर्जा खाणारे. त्यामुळे या पेशी निरोगी अवस्थेतही प्राणवायूच्या टंचाईच्या काठावरच काम करतात. रक्तदाब घसरला किंवा रक्त आटले, की प्रथम इजा होण्याचा धोका असलेल्या पेशींत त्यांची गणना होते.

प्रधान पेशी आणि पाण्याची दारे

पाशातून वर आलेला द्रव दूरस्थ नलिकेतून संग्राहक नलिकेत येतो. अनेक नेफ्रॉनांचे पाणी एकत्र करणारी ही नलिका पुन्हा एकदा मध्यकातून खाली जाते, म्हणजे त्याच खाऱ्या प्रदेशातून. तिच्या भिंतीतून पाण्याला वाट मिळाली तर परासरणाने पाणी बाहेर ओढले जाईल आणि लघवी संहत होईल. वाट बंद राहिली तर विरल द्रव तसाच वाहून जाईल. या टप्प्यापर्यंत पोहोचलेल्या दिवसाकाठच्या सुमारे १८ ते २० लिटर पाण्याचे भवितव्य येथे ठरते.

संग्राहक नलिकेत मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात. आंतरविष्ट पेशी आम्ल-अल्कली संतुलन सांभाळतात. संख्येने जास्त असलेल्या प्रधान पेशींकडे पाणी आणि सोडियम यांची जबाबदारी असते.

प्रधान पेशींना आदेश मिळतो तो मेंदूतून. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकातील काही चेतापेशी रक्ताच्या संहतीतील बदल टिपतात. ही संहती अवघी एक ते दोन टक्क्यांनी वाढली तरी पियुषिका ग्रंथीच्या मागील भागातून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात सोडले जाते. लघवी रोखते म्हणून त्याला मूत्ररोधी संप्रेरक असेही म्हणतात. तहानेची जाणीव होण्यासाठी सामान्यतः याहून थोडी जास्त संहती लागते. म्हणजे माणसाला ‘तहान लागली’ असे वाटते तेव्हा मूत्रपिंडाने बचत आधीच सुरू केलेली असते.

व्हॅसोप्रेसिन प्रधान पेशीच्या रक्ताकडील बाजूवर असलेल्या व्ही-२ या ग्राहीला जाऊन चिकटते. त्यामुळे पेशीच्या आत चक्रीय एएमपी नावाच्या संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढते आणि त्याच्याद्वारे एक विकर कार्यान्वित होते. पेशीच्या आत, पृष्ठभागाच्या खाली, सूक्ष्म पुटिका तयारच असतात आणि त्यांच्या आवरणात ॲक्वापोरिन-२ या प्रथिनाच्या जलवाहिन्या बसवलेल्या असतात. विकराने त्या प्रथिनाला फॉस्फेट गट जोडला, की पुटिका नलिकेच्या पोकळीकडील पटलाकडे सरकतात आणि त्यात विलीन होतात. काही मिनिटांत पेशीच्या त्या बाजूवर पाण्याची असंख्य दारे उघडतात. पाणी पेशीत शिरते आणि विरुद्ध बाजूच्या ॲक्वापोरिन-३ व ४ या वाहिन्यांतून मध्यकात व तेथून रक्तात जाते. या दोन वाहिन्या नेहमी उघड्याच असतात. पाळत ठेवलेले दार एकाच बाजूला आहे.

शेताला पाणी भरणारा माणूस वाफा भरला की पाटाचे दार मातीने बंद करतो आणि पुढचे उघडतो. येथेही तसेच घडते. पुरेसे पाणी प्यायल्यावर रक्ताची संहती उतरते, व्हॅसोप्रेसिनचे स्रवण थांबते आणि रक्तातील आधीचे संप्रेरकही थोड्याच वेळात नाहीसे होते. प्रधान पेशी आपल्या पटलाचा तो तुकडा आत ओढून घेते व जलवाहिन्या पुन्हा पुटिकांमध्ये जाऊन बसतात. त्यातील बऱ्याचशा पुढच्या वेळी पुन्हा वापरल्या जातात. टंचाई काही दिवस सलग राहिली, तर पेशी नव्या जलवाहिन्या तयार करू लागतात आणि बचतीची क्षमता वाढते.

पाण्याचे रेणू पेशीपटलातून इतक्या वेगाने कसे जातात, हे कोडे फार काळ सुटलेले नव्हते. अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर आग्रे आणि त्यांचे सहकारी रक्तगटाशी संबंधित एका प्रथिनाचा अभ्यास करत असताना त्यांना तांबड्या रक्तपेशींत एक दुसरेच, अनोळखी प्रथिन विपुल आढळले. मूत्रपिंडाच्या नलिकांतही ते सापडले. १९९२ मध्ये त्यांनी ते प्रथिन बेडकाच्या अंडपेशींत तयार करवून घेतले आणि त्या अंडपेशी विरल द्रवात ठेवल्या. साध्या अंडपेशी जशाच्या तशा राहिल्या; हे प्रथिन असलेल्या अंडपेशी पाणी शोषून फुगल्या आणि फुटल्या. पाण्याची वाहिनी सापडली होती. हेच ॲक्वापोरिन-१ होय. त्यातून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू एका रांगेत जातात, मात्र हायड्रोजनचा आयन जाऊ शकत नाही. या शोधासाठी आग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक रॉडरिक मॅकिनन यांच्याबरोबर विभागून देण्यात आले. संग्राहक नलिकेतील ॲक्वापोरिन-२ ची ओळख १९९३ मध्ये जपानी संशोधकांनी पटवली.

पाणी आणि मीठ

पाण्याचे प्रमाण व मिठाचे प्रमाण यांची नियंत्रणे एकमेकांशी जोडलेली असली तरी वेगळी आहेत. शरीरातील सोडियम घटले की रक्ताचे एकूण आकारमान घटते. मूत्रपिंडातील विशिष्ट पेशी रेनिन हे विकर सोडतात. त्यापासून सुरू होणाऱ्या साखळीच्या शेवटी अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन स्रवते आणि प्रधान पेशींना सोडियम राखण्यास सांगते. रक्ताचे आकारमान धोकादायक पातळीपर्यंत खाली आले, तर संहती कमी असतानाही व्हॅसोप्रेसिन स्रवत राहते. अशा प्रसंगी शरीर संहतीपेक्षा रक्ताभिसरणाला प्राधान्य देते.

सोयगावचा उन्हाळा आणि बचतीची मर्यादा

अजिंठ्याची जगप्रसिद्ध लेणी सोयगाव तालुक्यातच आहेत, परंतु तालुक्याचे रोजचे जीवन चालते ते काळ्या जमिनीतील कापूस आणि मक्यावर. पावसाळ्यापूर्वीची मशागत, काडीकचरा वेचणे आणि जेथे विहिरीला पाणी आहे तेथे पूर्वहंगामी कापसाची लागवड, ही कामे नेमकी सर्वांत तप्त दिवसांत येतात.

उन्हात जड श्रम करणाऱ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर, कधी त्याहूनही अधिक घाम येऊ शकतो. सहा तासांच्या कामात म्हणजे तीन ते सहा लिटर पाणी जाते. घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. त्यातून मिठाच्या मानाने पाणी जास्त जाते आणि मागे उरलेल्या रक्ताची संहती वाढते. अधश्चेतक हे टिपतो, व्हॅसोप्रेसिन वाढते, प्रधान पेशी जलवाहिन्या पृष्ठभागावर आणतात. लघवी कमी होते व गडद पिवळी दिसू लागते. येथवर सर्व यथायोग्य चाललेले असते.

पण माणसाचे मूत्रपिंड लघवीची संहती १,२०० मिलिऑस्मोलच्या आसपासच नेऊ शकते. मध्यकाच्या टोकाचा खारेपणा हीच तिची कमाल मर्यादा. दिवसभरात युरिया आणि क्षार मिळून सुमारे ६०० मिलिऑस्मोल द्राव्य बाहेर टाकावे लागते. त्यासाठी कमीत कमी अर्धा लिटर पाणी खर्ची पडतेच. एरवी दीड लिटर होणारी लघवी अर्ध्या लिटरवर आणली, तर दिवसाची बचत एक लिटर झाली. दुसऱ्या बाजूला घामातून तीन ते सहा लिटर गेलेले. मूत्रपिंडाने आपली सगळी ताकद पणाला लावली तरी हा खड्डा भरत नाही. मूत्रपिंड पाणी वाचवते, पाणी निर्माण करत नाही. त्याच्या बचतीमुळे थोडा वेळ मिळतो. तूट भरून निघते ती पाणी प्यायल्यानेच. उंटाची लघवी माणसाच्या दुपटीहून अधिक संहत होऊ शकते आणि वाळवंटातील काही उंदीरवर्गीय प्राणी तर त्याच्याही पुढे जातात, पण ती क्षमता माणसाच्या वाट्याला आलेली नाही.

समुद्राचे पाणी पिऊन तहान का भागत नाही, याचे उत्तरही याच मर्यादेत आहे. त्यातील मीठ बाहेर टाकायला प्यालेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी लघवीतून जाते.

मराठीत ‘उन्हाळी लागणे’ असा शब्दप्रयोग आहे. उन्हाच्या दिवसांत लघवी थोडी थोडी, जळजळत होते, त्या त्रासाचे हे नाव. पाणी कमी प्यायल्याने अतिसंहत झालेली लघवी हे त्याचे एक कारण असते. मात्र मूत्रमार्गातील जंतुसंसर्गातही हीच लक्षणे दिसतात, त्यामुळे पाणी वाढवूनही त्रास राहिला किंवा ताप आला तर तपासणी आवश्यक ठरते. सतत संहत राहणाऱ्या लघवीत कॅल्शियमसारख्या क्षारांचे स्फटिक जमून मुतखडे होण्याची शक्यताही वाढते. उष्ण प्रदेशांत मुतखड्यांचे प्रमाण जास्त आढळण्यामागे हे एक कारण मानले जाते.

शेतात काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. आडोसा नसल्याने दिवसभर लघवीला जाता येत नाही, म्हणून अनेक जणी मुळात पाणीच कमी पितात. प्रधान पेशींची बचत त्यांच्या बाबतीत उष्णतेमुळे नव्हे, तर लाजेमुळे आणि गैरसोयीमुळे सुरू झालेली असते. लघवी साचून राहिल्याने संसर्गाचा धोका वाढतो, तो वेगळाच. शरीरक्रियाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ही बाब क्वचित सापडते.

काय प्यावे, हा प्रश्नही मूत्रपिंडाशी निगडित आहे. घामातून मीठही जाते. तास न् तास घाम गाळून फक्त साधे पाणी फार मोठ्या प्रमाणात प्यायल्यास रक्तातील सोडियम उतरू शकते. मूत्रपिंड तासाला साधारण एक लिटरच्या आसपासच जास्तीचे पाणी बाहेर टाकू शकते, आणि व्हॅसोप्रेसिन चढलेले असेल तर त्याहून बरेच कमी. म्हणून थोडे थोडे पण वारंवार पाणी पिणे आणि सोबत मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे किंवा भाकरीबरोबरचे नेहमीचे जेवण घेणे, ही ग्रामीण भागातील जुनी रीत शास्त्राला धरून आहे. खिशात कांदा ठेवल्याने ऊन बाधत नाही, हा समज मात्र तसा नाही. खिशातल्या कांद्याचा रक्ताच्या संहतीवर काहीही परिणाम होत नाही.

जुलाब, उलट्या किंवा उष्माघाताच्या सुरुवातीच्या अवस्थेत जलसंजीवनी उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. घरी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून पर्यायी द्रावण करता येते. साखर येथे चवीसाठी नसते. आतड्याच्या पेशींतील एक वाहक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेते, आणि मागोमाग पाणी जाते. मूत्रपिंडाच्या समीपस्थ नलिकेत ग्लुकोज परत घेणारी प्रथिने याच कुळातील आहेत. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महलानोबीस यांनी पटकीच्या रुग्णांवर हे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरले. सलाइनचा साठा संपत असताना त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीला मात्र तोंडाने काहीही पाजणे धोकादायक असते. तिला शक्य तेवढे थंड करत तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

बचतीची क्षमता कमी असलेले गट

तान्ह्या बाळांची मूत्रपिंडे प्रौढांच्या निम्म्याइतकीच संहत लघवी तयार करू शकतात. वृद्धांमध्ये ही क्षमता घटते आणि त्याच वेळी तहानेची जाणीवही मंदावते. घरातील आजी-आजोबा ‘तहान नाही’ म्हणतात तेव्हा त्यांच्या शरीराला पाणी नको असते असे नाही. आहारात प्रथिने अगदी कमी असतील तर युरिया कमी तयार होतो, मध्यकाचा खारेपणा उणा पडतो आणि लघवी पुरेशी संहत होत नाही. अनियंत्रित मधुमेहात लघवीत उतरलेली साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. मद्य व्हॅसोप्रेसिनचे स्रवण दडपते.

रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी दिली जाणारी मूत्रल औषधे, उदाहरणार्थ फ्युरोसेमाइड, पाशाच्या चढत्या बाजूच्या पेशींचे मीठ उचलणेच थांबवतात. अशी औषधे घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात मात्रेबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे हितावह ठरते. अंगदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांचा धोका कमी लोकांना माहीत असतो. शरीर आटलेले असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवण्यास प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये मदत करतात आणि या गोळ्या नेमके त्यांचेच उत्पादन रोखतात. दिवसभर उन्हात राबून, पाणी कमी पिऊन संध्याकाळी घेतलेली गोळी म्हणूनच मूत्रपिंडाला इजा करू शकते.

नियंत्रणातील बिघाड

व्हॅसोप्रेसिन तयारच होत नसेल, किंवा तयार होऊनही प्रधान पेशी त्याला दाद देत नसतील, तर रुग्णाला दिवसाला अनेक लिटर, क्वचित १५ लिटरहून अधिक विरल लघवी होते आणि तहान शमत नाही. या विकाराला डायबेटिस इन्सिपिडस म्हणत असत. मधुमेहाशी त्याचा संबंध नसूनही नावामुळे घोटाळा होई. म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने व्हॅसोप्रेसिन न्यूनता व व्हॅसोप्रेसिन रोध अशी नवी नावे सुचवली. पहिल्या प्रकारात डेस्मोप्रेसिन हे कृत्रिम संप्रेरक उपयोगी पडते. दुसरा प्रकार व्ही-२ ग्राही किंवा ॲक्वापोरिन-२ यांच्या जनुकांतील दोषाने जन्मजात असू शकतो. मनोविकारांवर दीर्घकाळ दिल्या जाणाऱ्या लिथियममुळेही तो उद्भवतो. याच्या उलट, काही फुप्फुसांच्या व मेंदूच्या आजारांत आणि काही कर्करोगांत व्हॅसोप्रेसिन विनाकारण स्रवत राहते, शरीर पाणी धरून ठेवते व रक्तातील सोडियम घसरते. व्ही-२ ग्राही रोखणारे टॉल्व्हॅप्टन हे औषध अशा स्थितीत, तसेच आनुवंशिक बहुपुटी मूत्रपिंड विकारात पुट्यांची वाढ मंदावण्यासाठी वापरले जाते.

पुन्हा पुन्हा शरीर आटल्याने मूत्रपिंडाला कायमची हानी पोहोचते का, या प्रश्नावर सध्या बरेच संशोधन सुरू आहे. एल साल्वादोर व निकाराग्वा येथील ऊसतोड कामगारांमध्ये आणि भारतात आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागात मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या श्रमिकांनाही दीर्घकालीन मूत्रपिंड विकार झाल्याचे आढळले आहे. त्याचे निश्चित कारण ठरलेले नाही. मध्य अमेरिकेतील कामगारांच्या बाबतीत उष्णता, जड श्रम व अपुरे पाणी यांकडे प्रामुख्याने बोट दाखवले जाते. पाण्यातील घटक, कीटकनाशके व वेदनाशामके यांचाही विचार होतो. तेथे काही ठिकाणी कामगारांना ठरावीक अंतराने सावलीत विश्रांती आणि जवळच पिण्याचे पाणी देण्याची पद्धत सुरू करण्यात आली आहे.